यंदा चांदणी लावायची का?

प्रश्न : जय ख्रिस्त, ताई. मी वडगावशेरीला राहते. ऑगस्टमध्ये माझे मिस्टर हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. वय फक्त सेहेचाळीस. घरात आता मी, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. नाताळ म्हणजे आमच्याकडे त्यांचाच सण. गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, तेच करायचे, कॅरल पार्टीत ढोलकी तेच वाजवायचे. डिसेंबर लागल्यापासून मला नुसती धडकी भरते. सासूबाई म्हणतात, वर्ष सरेपर्यंत सण नाही, दारात नाताळची चांदणी लावायची नाही, करंज्या तळायच्या नाहीत. परवा मुलगी हळूच म्हणाली, "आई, पप्पांनी आणलेली चांदणी माळ्यावर आहे, काढू का?" मी गप्प बसले. चर्चच्या मंडळीतल्या बायका भेटल्या की म्हणतात, ते प्रभूजवळ आहेत, रडू नकोस, आशा नसलेल्या लोकांसारखा शोक करायचा नाही असं प्रेषित पौलानं बायबलमध्ये लिहिलंय. खरं सांगू का, मला प्रार्थनाच करता येत नाही. डोळे मिटले की देवाचा राग येतो. देवळात गाणी सुरू झाली की मी बाहेर पार्किंगमध्ये येऊन उभी राहते. चर्चच्या तरुण संघाचा फोन आला होता, घरोघर नाताळची गाणी म्हणणारी कॅरल पार्टी तुमच्याकडे आणायची का म्हणून. 'नंतर सांगते' म्हणाले. सासूबाई म्हणतात, सरळ नाही म्हण. माझा विश्वास कमी पडतोय का? या नाताळात मला काही दिलासा मिळेल, की दार लावून बसू?

उत्तर :

प्रिय ताई,

तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. हा प्रश्न तुम्ही अगदी शेवटी विचारलात, पण उत्तर आधी त्याचंच देते, कारण बाकी सगळं त्यापाशीच अडलंय. देवाचा राग येतो म्हणता, म्हणजे तो आहे आणि तुमचं ऐकतोय हे तुम्ही धरून चालला आहात. पवित्र शास्त्रात असा राग जागोजागी आहे. सगळं गमावलेल्या ईयोबानं आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, देवाकडे जाब मागितला, आणि शेवटी देवाचा कोप झाला तो ईयोबावर नाही, त्याला शहाणपण शिकवायला आलेल्या मित्रांवर. तेरावं स्तोत्र 'कुठवर?' या हाकेनंच सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत काळोखातून बाहेर येत नाही. विलापाच्या बहुतेक स्तोत्रांत शेवटी भरवशाची एखादी ओळ येते, इथे तीही नाही. आणि तरी ते शास्त्रात आहे, पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या घरात वाचलं गेलंय. रात्री सगळी निजानीज झाली की ते मोठ्यानं वाचा. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर ते वापरा. तीही प्रार्थनाच आहे.

आता त्या वचनाबद्दल. मंडळीतल्या बहिणींनी ते मायेनंच म्हटलं असणार. समोरच्या बाईचं दुःख बघवत नाही तेव्हा माणूस हाताला लागेल ते वचन पुढे करतो. पण थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय एकदा तुम्ही स्वतः वाचा. तिथल्या लोकांची माणसं गेली होती, आपल्या गेलेल्यांचं काय होणार या काळजीत ते होते. त्यांना धीर द्यायला पौलानं ते लिहिलं. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असं तो म्हणतो. शोकच करू नका, असं म्हणत नाही. आणि त्या अध्यायाचा शेवट 'एकमेकांचं सांत्वन करा' असा आहे, म्हणजे रडणाऱ्याला गप्प करायला ते वचन दिलेलंच नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी प्रभू येशू स्वतः रडला. थोड्याच वेळात आपण त्याला जिवंत करून बाहेर बोलावणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. पुढच्या वेळी कुणी 'रडू नकोस' म्हटलं की वाद घालू नका, एवढंच म्हणा, "आज रडू दे, माझ्याजवळ बस." बहुतेक बायका बसतील.

नाताळ हा आनंदी लोकांचा सण आहे आणि आपल्याला त्यात जागा नाही, असं तुम्हाला वाटतंय. लष्कर भागात एम. जी. रोडवरची रोषणाई पाहिली, मॉलमधली गाणी ऐकली की तसं वाटणारच. पण शुभवर्तमानात जन्माची गोष्ट आहे ती अशी नाही. लग्न व्हायच्या आधीच गरोदर राहिलेली एक मुलगी आहे. खानेसुमारीच्या हुकमापायी दिवस भरत आलेले असताना तिला गाव सोडावं लागलंय. उतरायला जागा नाही, म्हणून बाळाला गव्हाणीत निजवलंय. पुढे हेरोद राजानं बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली मुलं मारली, योसेफ मरीयेला आणि बाळाला घेऊन रातोरात मिसरला, म्हणजे इजिप्तला, पळाला. मत्तयानं त्या जागी इस्राएली लोकांची पूर्वज आई राहेल हिचा आकांत लिहिलाय. लेकरं राहिली नाहीत म्हणून ती रडते आहे आणि काही केल्या सांत्वन करून घेत नाही. ताई, ही ओळ नाताळच्या गोष्टीतच आहे. आपल्या लहान मुलांच्या नाटुकल्यात ती कधी घेत नाहीत, घ्यायला हवी असंही मी म्हणणार नाही, पण तुमच्यासारखीला ती माहीत असायला हवी.

चर्चच्या पंचांगानंही हे लपवलेलं नाही. पंचवीस तारखेला जन्म, आणि दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, दगडमार करून मारलेल्या स्तेफनाचा, पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याचा, दिवस. २८ तारखेला हेरोदानं मारलेल्या त्या निष्पाप बालकांचा. जन्माचा सण आणि मरणाची आठवण एकाच आठवड्यात, जुन्या लोकांनी जाणूनबुजून ठेवलेली.

आणि एक बाई आहे, जिच्याबद्दल नाताळच्या उपदेशात फार कमी ऐकायला मिळतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, बाळाला मंदिरात आणतात तेव्हा ती भेटते. हन्ना. फनूएलाची मुलगी, अशेर वंशातली. लग्नानंतर सातच वर्षं नवऱ्याचा सहवास, मग वैधव्य, आणि आता ८४ वर्षांची विधवा. एवढ्या वर्षांत तिनं काय काय सोसलं असेल ते लूक सांगत नाही. ती मंदिर सोडून जात नसे, एवढंच सांगतो. कुणी तिला 'आता विसर' म्हटलं असेल, पण ती विसरली असेल असं मला वाटत नाही. त्या बाळाला ओळखणारी माणसं मंदिरात दोनच निघाली, म्हातारा शिमोन आणि ही हन्ना. याजक होते, शास्त्री होते, पण ओळखलं ते वर्षानुवर्षं वाट पाहत बसलेल्यांनी. शिमोनानंही मरीयेला नुसता आशीर्वाद दिला नाही. तुझ्या जिवातून तलवार जाईल, हेही त्यानं त्याच दिवशी सांगून टाकलं. मला या प्रसंगाचा फार आधार वाटतो. देवाच्या घरी मरीयेला पहिल्याच भेटीत खरं सांगितलं गेलं, आणि खरं ऐकूनही तिला बाळ कुशीत घेऊन घरी जाता आलं.

म्हणून तुम्हाला आनंद गोळा करून न्यायचा नाही. तुमच्या मंडळीत आगमनकाळ पाळत असतील तर पाहा, नाताळच्या आधीचे चार रविवार वाट पाहण्याचे असतात, वेदीवरचं कापडही पुष्कळ ठिकाणी जांभळं असतं, सणाचं पांढरं नाही. दुकानांचा नाताळ डिसेंबर लागला की सुरू होतो आणि पंचवीसला रात्री संपतो. चर्चचा चोवीसच्या रात्री सुरू होतो आणि ६ जानेवारीपर्यंत चालतो. पंचवीसच्या सकाळी तुमचं मन तयार नसेल तर सण हातचा गेला, असं होत नाही.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण काढल्याशिवाय मला राहवत नाही. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा गेला, तेव्हा लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. लहानग्या लेकीला, मनोरमेला घेऊन त्या त्याच वर्षी पुण्याला आल्या. बाप्तिस्मा पुढच्या वर्षी, इंग्लंडमध्ये झाला. पण मनाला खरी शांती मिळायला त्यानंतरही कित्येक वर्षं गेली, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. विधवांसाठी काढलेलं शारदा सदन, निराधार बायकांना आसरा देणारी केडगावची मुक्ती मिशन हे सगळं तुम्हाला माहीत आहे. पण १९२१ मध्ये मनोरमाही आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा मूळ भाषांवरून मराठी बायबलचं काम करत होत्या, ते त्यांनी पुरं केलं, आणि १९२२ मध्ये त्या गेल्या. तुम्ही रमाबाई व्हा म्हणून हे सांगत नाही, नवरा जाऊन चार महिने झालेल्या बाईला कुणी असलं काही सांगूही नये. सांगायचं ते इतकंच, की विश्वासानं त्यांच्या घरातली मरणं थांबली नाहीत, आणि दिलासाही एका रात्रीत आला नाही.

आता सासूबाई. ताई, तुमच्या पत्रात त्या दोनदा येतात आणि दोन्ही वेळा नियम सांगतात. पण त्यांचा मुलगा गेलाय. त्याचं दुःख तुम्ही लिहिलेलं नाही. कदाचित त्या बोलत नसतील, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल. 'वर्षभर सण नाही' ही आपल्या मराठी घरांतली जुनी रीत, ख्रिस्ती झालो तरी ती आपल्या अंगात राहिली. शास्त्रात असा हुकूम कुठे नाही. म्हणून त्यांना 'बायबलमध्ये असं कुठे लिहिलंय?' म्हणून गप्प करता येईल. तसं करू नका. ज्या बाईला डोळ्यांतून पाणी काढता येत नाही, ती कधी कधी चांदणी लावू देत नाही, तेवढंच तिच्या हातात असतं. एका संध्याकाळी त्यांच्या खाटेपाशी बसा आणि विचारा, "आई, हे लहान असताना नाताळला काय करायचे?" चांदणीचा विषयच काढू नका. त्यांना बोलू द्या. दोघी रडाल, रडा. मग पुढे दोन-चार दिवसांनी मुलीला त्यांच्याकडे पाठवा, तुम्ही जाऊ नका. नातीनं आजीला विचारू दे, "आजी, पप्पांची चांदणी लावू का?" परवानगी मिळाली तर छान. नाहीच मिळाली तर चांदणी बाहेर न लावता घरात, मुलीच्या खोलीत लावता येईल. ते आजीलाही चालेल असं मला वाटतं.

मुलीचं उत्तर मात्र अडवून ठेवू नका. दहावीतल्या पोरीनं हळूच विचारलं, म्हणजे ती तुम्हाला सांभाळतेय. तिचं बोर्डाचं वर्ष आहे, वडील गेलेत, आणि आईसमोर कसं वागायचं हे तिला कळत नाहीये. तिला सांगा, "मला अजून ठरवता येत नाही, पण तू विचारलंस ते बरं केलंस." गव्हाणी करायची असेल तर तिला करू द्या, यंदा लहान, टेबलावर मावेल एवढी. खोकं माळ्यावरून उतरवताना तुम्ही तिच्याबरोबर राहा. त्यात त्यांनी जपून ठेवलेला ब्राऊन पेपर असेल, गेल्या वर्षीचं वाळलेलं गवत असेल, दिव्यांची माळ त्यांनी गुंडाळली तशीच असेल, टोकाला त्यांच्या हातची गाठ. ती गाठ सोडवताना दोघींनाही जड जाईल. मुलीवर एकटीवर ते येऊ देऊ नका.

करंज्यांचं फार मनाला लावून घेऊ नका. तळायच्या नसतील तर नका तळू. शेजारच्या बायका, मंडळीतले लोक ताटं पाठवतील, ती घ्या. नानकटाईचं पीठ बेकरीत भाजायला नेणारं कुणी ओळखीचं असेल तर म्हणा, एक ट्रे आमच्यासाठीही भाजून आण. यंदा घेण्याचं वर्ष आहे, परत करायला पुढे वर्षं आहेत.

कॅरल पार्टीसाठी दार लावून बसू नका, आणि दार सताड उघडून सगळं पूर्वीसारखंही करू नका. तरुण संघाच्या मुख्य मुलाला आधीच फोन करा. म्हणा, या, पण दोनच गाणी, शांत, आणि रात्री साडेनऊच्या आत. त्यांतलं एक गाणं ह्यांना आवडायचं ते. ढोलकी घेऊन येऊ नका, किंवा घेऊन या, जे तुम्हाला सोसेल ते स्पष्ट सांगा. पोरांना ते आधी कळलं की त्यांचीही अडचण जाते, नाहीतर तीही तुमच्या दाराशी अवघडून उभी राहतील, चेहरा कसा ठेवावा हे न कळून. ती मुलं तुमच्या मिस्टरांबरोबर गेली कित्येक वर्षं रात्री-अपरात्री हिंडली आहेत, त्यांनाही कुठेतरी रडायचं असेल. चहाचं पाहायला बहिणीला किंवा जावेला बोलवा. आयत्या वेळी नकोसं वाटलं तर तुम्ही आतल्या खोलीत जा, तिनं त्यांना निरोप द्यावा. त्याचं कुणाला वाईट वाटणार नाही. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवा, पण परवानगी मागू नका. घरी येणाऱ्याला दोन गाणी म्हणू देणं म्हणजे सण करणं नव्हे, हे त्यांना पटेल.

देवळात जाण्याबद्दल. गाणी सुरू झाली की पार्किंगमध्ये जाता, जा. पण कधी कधी शेवटच्या बाकावर कडेला बसून फक्त ऐकून पाहा, ओठ हलवायचे नाहीत. मंडळी असते ती याचसाठी. ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही त्याच्या वाट्याचं बाकीचे गातात, आणि उद्या तुमची पाळी आली की तुम्ही दुसऱ्या कुणासाठी गाल. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलंय की आम्हाला नीट प्रार्थना करता येत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः कण्हण्यानं आमच्यासाठी विनंती करतो. कण्हण्यानं, सुंदर वाक्यांनी नाही. मला हे फार खरं वाटत आलंय.

रविवारची गर्दी, ओळखीचे चेहरे, 'कशी आहेस' हे सगळं नकोसं होत असेल तर मधल्या वारी दुपारी, जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही अशा देवळात जाऊन बसा. क्वार्टर गेटचं सिटी चर्च १७९२ सालचं, पेशवाईतलं. गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय १८८५ सालचं, शेजारी उंच घंटाघर. तुमचा पंथ कुठलाही असो, आधी फोन करून उघडं आहे का विचारा आणि जा. अर्धा तास बसा. काही म्हणू नका. त्या बाकांवर तुमच्याआधी कितीतरी बायका अशाच बसून गेल्या आहेत, प्लेगच्या साथीत, इन्फ्लुएंझात, कोविडमध्ये.

आशा कशाची धरायची, हे मात्र स्पष्ट लिहिते, कारण 'सगळं ठीक होईल' असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमचे मिस्टर परत येणार नाहीत, पुढच्या नाताळलाही ढोलकी दुसराच कुणी वाजवेल. ख्रिस्ती विश्वास मरणाला किरकोळ म्हणत नाही, पौलानं त्याला शत्रूच म्हटलंय, शेवटचा शत्रू. आपण मानतो ते असं की देवानं दुरून धीर दिला नाही, तो भूक लागणारा, थकणारा, मरू शकणारा देह घेऊन आला. त्या देहानंच मेला आणि उठला. म्हणून तुमच्या मिस्टरांचं नाव, त्यांचे हात, त्यांचा ताल, यातलं काहीही देवापाशी हरवलेलं नाही. त्यांना पुन्हा भेटण्याची आशा ही मनाची समजूत काढण्यापुरती गोष्ट नाही, आपल्या विश्वासाचा तो गाभा आहे. ही आशा तुम्हाला आज जाणवली नाही तरी चालेल. जाणवणं मागून येतं, काहींना फार मागून.

चोवीसला दुपारी, ऊन उतरायच्या आत, कबरस्तानात जाऊन या. तिघी मिळून जा. मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, तिथे मेणबत्त्यांची गर्दी होती, आता नसेल. कबर पुसा, फुलं ठेवा, मुलीला वाटलं तर तिनं तिथे गाणं म्हणावं. रात्रीच्या उपासनेला जाणं जमलं तर बघा, नाही जमलं तर नाही. ३१ तारखेची रात्र मात्र मला जास्त कठीण वाटते, कारण बारा वाजता जे वर्ष लागेल ते त्यांनी न पाहिलेलं पहिलं वर्ष. त्या रात्री एकट्या राहू नका, देवळात असा की घरी.

आणखी एक. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, किंवा जगण्यातच अर्थ नाही असं मनात येत असेल, तर ते पाळकांना सांगाच, पण डॉक्टरांनाही सांगा. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा. प्रार्थना करणाऱ्यानं औषध घेतलं तर विश्वास उणा ठरत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

जानेवारीत फोन कमी होतील. सहा जानेवारीनंतर चांदण्या उतरतात, लोक आपापल्या कामाला लागतात, आणि तुम्हाला खरी सोबत तेव्हा लागेल. मंडळीतल्या ज्या बायका तुम्हाला वचन ऐकवतात, त्यांच्यातल्याच दोघींना सांगा की दर बुधवारी संध्याकाळी या, वचन नको, चहा घेऊ, आईंशीही जरा बोला. हे त्यांना आत्ताच, नाताळच्या आधी सांगून ठेवा, म्हणजे जानेवारीचा पहिला बुधवार त्या मोकळा ठेवतील.